आन्स्की यांची ज्यू लोकजीवन शोधमोहीम

आन्स्की यांची ज्यू लोकजीवन शोधमोहीम (इ.स. १९१२ ते १९१४) ही रशियन साम्राज्याच्या नैर्ऋत्य भागातील ज्यू वस्त्यांमधून लोककथा, गीते, चालीरीती, छायाचित्रे आणि वस्तू गोळा करण्यासाठी काढलेली संशोधन मोहीम होती. लेखक व लोकसाहित्याचे अभ्यासक एस. आन्स्की हे तिचे प्रवर्तक व प्रमुख होते. मोहिमेचा प्रदेश मुख्यतः व्होलिन, पोडोलिया आणि कीव या प्रांतांत, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये होता. मोहिमेला आर्थिक साहाय्य करणाऱ्या घराण्यातील बॅरन होरेस गिन्झबर्ग यांचे नाव तिला देण्यात आले होते.

पूर्व युरोपातील ज्यू लोकजीवनाची कॅमेरा, फोनोग्राफ आणि लेखी टिपणे या तिन्ही साधनांनी एकत्रितपणे नोंद घेणारा हा पहिला मोठा उपक्रम मानला जातो. ज्या गावांत ही नोंद झाली, तेथील ज्यू समाज पुढील तीस वर्षांत युद्धे, दंगली आणि नाझी संहार यांत जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे मोहिमेचा संग्रह आज त्या जीवनाच्या मोजक्या प्रत्यक्ष पुराव्यांपैकी एक आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १८९७ च्या जनगणनेनुसार रशियन साम्राज्यात ५० लाखांहून अधिक ज्यू राहत होते. त्यांपैकी बहुतेकांना साम्राज्याच्या पश्चिमेकडील ठरावीक प्रांतांतच राहण्याची परवानगी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस आखलेला हा निर्बंधित पट्टा इ.स. १९१७ पर्यंत कायम राहिला. या पट्ट्यातील लहान बाजारगावांना यिडिश भाषेत ‘श्टेटल’ म्हणत. बाजाराचा चौक, सिनेगॉग, अभ्यासगृह, लहान मुलांची धार्मिक शाळा (खेडेर) आणि गावाबाहेरची दफनभूमी ही अशा गावाची सर्वसाधारण रचना असे. घरात व बाजारात यिडिश बोलली जाई, तर प्रार्थना आणि धर्मग्रंथांचा अभ्यास हिब्रूत चाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे जीवन झपाट्याने बदलू लागले. रेल्वे आणि कारखाने आले व तरुण शहरांकडे वळले. इ.स. १८८१–८२ मध्ये आणि पुन्हा इ.स. १९०३ ते १९०६ या काळात ज्यूंविरुद्ध हिंसक दंगली उसळल्या. इ.स. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू स्थलांतरित झाले आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेले. जुन्या पिढीबरोबर तिच्या आठवणीही लोप पावतील, ही चिंता सुशिक्षित ज्यूंमध्ये वाढू लागली.

ज्यू समाजाचा इतिहास समाजानेच गोळा करावा, असे आवाहन इतिहासकार सायमन डुबनोव यांनी इ.स. १८९१ मध्ये केले होते. इ.स. १९०१ मध्ये शाऊल गिन्झबर्ग आणि पेसाख मारेक यांनी रशियातील ज्यू लोकगीतांचा पहिला मोठा संग्रह प्रकाशित केला. त्यात शब्द होते, परंतु चाली नव्हत्या. इ.स. १९०८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ‘ज्यू ऐतिहासिक व मानवजातिवर्णन संस्था’ स्थापन झाली. पुढे हीच संस्था मोहिमेचा आधार बनली.

एस. आन्स्की

आन्स्की यांचे मूळ नाव श्लोयमे झान्व्ल रापोपोर्ट. त्यांचा जन्म इ.स. १८६३ मध्ये आजच्या बेलारूसमधील चाश्निकी येथे झाला आणि बालपण व्हितेब्स्क शहरात गेले. तरुणपणी ते धर्मनिष्ठ जीवनापासून दूर गेले आणि शेतकरी व कामगारांमध्ये जाऊन राहणाऱ्या रशियन नारोदनिक चळवळीकडे ओढले गेले. दोनेत्स्क खोऱ्यातील खाणकामगारांमध्ये राहून त्यांनी त्यांना पुस्तके वाचून दाखवली आणि त्या अनुभवावर रशियन भाषेत लेखन केले. पुढे ते पॅरिसला गेले. तेथे त्यांनी क्रांतिकारक विचारवंत प्योत्र लाव्रोव यांचे चिटणीस म्हणून काम केले. इ.स. १९०५ मध्ये ते रशियात परतले.

रशियन खेड्यांचे लोकजीवन अभ्यासलेल्या आन्स्की यांना आपल्याच समाजाचे लोकसाहित्य दुर्लक्षित राहिल्याची जाणीव झाली. इ.स. १९०८ मध्ये लिहिलेल्या एका दीर्घ निबंधात त्यांनी ज्यू लोककथांची वैशिष्ट्ये मांडली. इतर समाजांच्या लोककथांत शारीरिक बळाला जे स्थान असते, ते ज्यू कथांत आत्मिक बळाला असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. लोकांनी पिढ्यानपिढ्या सांगितलेल्या कथा, म्हणी, गीते आणि रूढी यांना ते धर्मग्रंथांच्या परंपरेइतकाच मोलाचा मौखिक वारसा मानत. हा वारसा सांगणारी म्हातारी माणसे हयात आहेत तोवरच तो लिहून घेता येईल, या विचारातून मोहिमेची कल्पना पुढे आली.

तयारी आणि सदस्य

कीवचे बॅरन व्लादिमीर गिन्झबर्ग यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ मोहिमेसाठी १०,००० रूबल दिले. मार्च १९१२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे अभ्यासकांची बैठक होऊन मोहिमेच्या कार्यपद्धतीवर चर्चा झाली.

पहिल्या वर्षी आन्स्की यांच्याबरोबर संगीतकार योएल एंगेल आणि तरुण चित्रकार सोलोमन युदोविन होते. युदोविन हे आन्स्की यांचे नातेवाईक असून छायाचित्रणाची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढील वर्षी संगीताचे काम झिनोव्ही किसेलगोफ यांनी सांभाळले. सेंट पीटर्सबर्गमधील प्राच्यविद्या अभ्यासक्रमाचे काही विद्यार्थीही मोहिमेत सामील झाले. त्यांपैकी अव्रोम रेख्टमान यांनी पुढे मोहिमेच्या आठवणी विस्ताराने लिहिल्या.

कार्यपद्धती

जुलै १९१२ मध्ये कीव प्रांतातील रुझिन या गावापासून कामास प्रारंभ झाला. तीन हंगामांत मोहिमेने सुमारे ७० गावांना भेटी दिल्या. निवडलेली अनेक गावे हसिदी पंथाशी निगडित होती. अठराव्या शतकात याच भागात बाल शेम तोव यांच्या शिकवणीतून हा भक्तिप्रधान पंथ उदयास आला होता आणि त्याच्या संतपुरुषांच्या चमत्कारकथा घरोघरी सांगितल्या जात.

शहरातून आलेल्या, आधुनिक पोशाखातील आणि यंत्रे बाळगणाऱ्या पाहुण्यांकडे गावकरी प्रथम साशंकतेने पाहत. त्यामुळे गावात येताच प्रश्न विचारणे आन्स्की टाळत. ते सायंप्रार्थनेला सिनेगॉगमध्ये जात, त्यानंतर अभ्यासगृहात शेकोटीभोवती बसलेल्या वृद्धांमध्ये मिसळत आणि संभाषण आपोआप जुन्या गोष्टींकडे वळू देत. गाण्यांच्या नोंदीसाठी वापरलेला फोनोग्राफ हे मोठे आकर्षण ठरे. यंत्रातून आपलाच आवाज परत ऐकू आल्यावर गाणाऱ्यांचा संकोच कमी होई.

स्त्रियांकडून मिळालेली माहिती वेगळ्या स्वरूपाची होती. दृष्ट काढणाऱ्या व मंत्र टाकणाऱ्या स्त्रिया, सुइणी आणि मृतांसाठी विलाप करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे असलेले ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. दफनभूमीभोवती किंवा थडग्यांभोवती दोरा धरून तो मोजायचा आणि त्याच दोऱ्याच्या वाती करून प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी मेणबत्त्या वळायच्या, ही अशीच स्त्रियांनी जपलेली प्रथा. वाती वळताना कुटुंबातील हयात व दिवंगत व्यक्तींची नावे घेऊन प्रार्थना म्हटली जाई.

संग्रह

आन्स्की यांनी दिलेल्या हिशेबानुसार मोहिमेत पुढील सामग्री गोळा झाली:

• सुमारे २,००० छायाचित्रे
• १,८०० लोककथा, आख्यायिका व म्हणी
• १,५०० लोकगीते
• सुमारे १,००० चाली
• मेणाच्या ५०० दंडगोलांवरील ध्वनिमुद्रणे
• ७०० वस्तू
• समाजाच्या जुन्या नोंदवह्या व हस्तलिखिते

छायाचित्रे

युदोविन यांच्या छायाचित्रांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात वास्तू येतात: दगडी व लाकडी सिनेगॉग, त्यांतील रंगवलेल्या भिंती, कोरीव काम आणि तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याची सजवलेली कपाटे. दुसऱ्या गटात थडग्यांचे कोरीव दगड आहेत. सिंह, हरिण, पक्षी, मुकुट अशी चिन्हे त्यांवर आढळतात. स्त्रियांच्या थडग्यांवर बहुधा शब्बाथच्या दीपवृक्षाची आकृती असते, कारण शुक्रवारी सायंकाळी दिवे लावणे हे घरातील स्त्रीचे कर्तव्य मानले जाते.

तिसरा गट माणसांचा आहे. त्यात खेडेरमधील मुले व त्यांचे शिक्षक, विणकर, चांभार, सूत कातणाऱ्या वृद्ध स्त्रिया, बाजारातील विक्रेते, भिकारी आणि कारखान्यात काम करणाऱ्या मुली दिसतात. त्या काळच्या मानवजातिवर्णनाच्या प्रथेप्रमाणे काही व्यक्ती समोरून व बाजूने, एखाद्या नमुन्याप्रमाणे टिपल्या आहेत. इतर छायाचित्रांत मात्र चित्रकाराची नजर जाणवते. खिडकीतून येणारा प्रकाश, हातातील काम आणि चेहऱ्यावरील भाव यांना त्यांत महत्त्व आहे. युदोविन पुढे काष्ठमुद्राचित्रकार म्हणून प्रसिद्ध झाले. मोहिमेत पाहिलेल्या थडग्यांची व गल्ल्यांची चित्रे त्यांच्या कामात वारंवार येतात. लोककलेतील अलंकरणावरचा त्यांचा एक चित्रसंग्रह इ.स. १९२० मध्ये व्हितेब्स्क येथे प्रकाशित झाला.

कथा

संग्रहातील अनेक कथा विशिष्ट जागांशी जोडलेल्या होत्या. गावोगावी सिनेगॉगजवळ एक लहान थडगे दाखवले जाई. इ.स. १६४८ मधील खमेलनित्स्की यांच्या उठावाच्या वेळी विवाहमंडपातच मारल्या गेलेल्या वधूवरांचे ते थडगे, अशी त्यामागची कथा होती. नवविवाहित जोडप्याला घेऊन वऱ्हाड त्या थडग्याभोवती नाचत असे, जेणेकरून मृत वधूवरांनाही आनंदाचा वाटा मिळावा. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची हत्या अशा रीतीने गावाच्या प्रत्येक विवाहात स्मरली जात होती.

समाजाच्या नोंदवह्यांना ‘पिन्कास’ म्हणत. सभासदांची नावे, दंड, निवाडे, आगी, साथी आणि हल्ले यांच्या नोंदी त्यांत असत. काही ठिकाणी पिन्कास पवित्र मानला जाई आणि प्रसूतीच्या वेळी किंवा आजारपणात संरक्षणासाठी घरात ठेवला जाई. मोहिमेने काही वह्या मिळवल्या, तर काहींची नक्कल करून घेतली.

प्रश्नावली

सर्व गावांना भेट देणे अशक्य असल्याने स्थानिक लोकांनीच माहिती लिहून पाठवावी, अशी योजना होती. त्यासाठी यिडिश भाषेत विस्तृत प्रश्नावली तयार करण्यात आली. मानवशास्त्रज्ञ लेव्ह श्टर्नबर्ग यांनी संपादित केलेला तिचा पहिला भाग ‘माणूस’ या अर्थाच्या शीर्षकाने इ.स. १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २,०८७ प्रश्न आहेत. बालपण, खेडेर ते विवाह, विवाह, कौटुंबिक जीवन आणि मृत्यू असे त्याचे पाच विभाग आहेत. गर्भवतीने काय टाळावे येथपासून मृत्यूनंतर आत्मा कोठे जातो येथपर्यंतचे विषय त्यात येतात.

सणवारांविषयीचा दुसरा भाग प्रकाशित झाला नाही. महायुद्ध सुरू झाल्यामुळे पहिल्या भागाची उत्तरेही नियोजित प्रमाणावर मिळाली नाहीत. तरीही प्रश्न इतके तपशीलवार आहेत, की केवळ त्यांवरूनही तत्कालीन रूढींचे चित्र उभे राहते. अभ्यासक नेथन्येल डॉइच यांनी इ.स. २०११ मध्ये या प्रश्नावलीचा सटीप इंग्रजी अनुवाद प्रकाशित केला.

महायुद्ध आणि मोहिमेचा शेवट

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध भडकल्याने मोहीम थांबली. रशियन सैन्याने गॅलिशियाचा प्रदेश व्यापल्यावर तेथील ज्यूंवर लुटालूट, हद्दपारी आणि हत्या असे अत्याचार झाले. आन्स्की मदतकार्यासाठी तेथे गेले. पैसे व अन्न पोहोचवतानाच उद्ध्वस्त सिनेगॉगमधून वाचलेल्या वस्तू व हस्तलिखिते मिळतील तशी त्यांनी जमवली. या अनुभवांवरील ‘गॅलिशियाचा विध्वंस’ या अर्थाच्या नावाचा त्यांचा यिडिश ग्रंथ त्या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

रशियन क्रांतीनंतर इ.स. १९१८ मध्ये आन्स्की यांनी पेट्रोग्राड सोडले आणि ते विल्ना (आजचे व्हिल्नियस) येथे गेले. तेथेही त्यांनी ज्यू ऐतिहासिक व मानवजातिवर्णन संस्था स्थापन केली. ८ नोव्हेंबर १९२० रोजी त्यांचे निधन झाले. वॉर्सा येथील ज्यू दफनभूमीत लेखक यि. ल. पेरेत्झ यांच्याशेजारी त्यांची समाधी आहे.

संग्रहाची वाताहत

मोहिमेतील वस्तूंचे पहिले प्रदर्शन इ.स. १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे मांडण्यात आले होते. क्रांतीच्या काळात आन्स्की यांनी संग्रहाचा काही भाग सुरक्षिततेसाठी शहरातील मोठ्या सरकारी संग्रहालयात ठेवला. हा भाग आज रशियन मानवजातिवर्णन संग्रहालयात आहे. संस्थेचे ज्यू संग्रहालय इ.स. १९२३ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि युदोविन यांनी तेथे काम केले. मात्र इ.स. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने संस्था बंद केली आणि सामग्री निरनिराळ्या शहरांतील संस्थांमध्ये विभागली गेली.

ध्वनिमुद्रणे कीव येथे पोहोचली. संगीतशास्त्रज्ञ मोइसेई बेरेगोव्स्की यांनी त्यांचा अभ्यास केला आणि त्यांत स्वतः केलेल्या मुद्रणांची भर घातली. इ.स. १९४९ मध्ये त्यांची संस्था बंद करण्यात आली आणि पुढील वर्षी त्यांना अटक झाली. त्यानंतर मेणाचे दंडगोल नष्ट झाले असावेत, असा समज अनेक वर्षे रूढ होता. इ.स. १९९० च्या दशकात ते कीवमधील व्हर्नाड्स्की राष्ट्रीय ग्रंथालयात सुरक्षित असल्याचे उघड झाले. इ.स. १९१२ ते १९४७ या काळातील हा ज्यू लोकसंगीत संग्रह इ.स. २००५ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाला.

छायाचित्रांचे नुकसान अधिक झाले. मूळ सुमारे २,००० छायाचित्रांपैकी आज काहीशेच ज्ञात आहेत. सेंट पीटर्सबर्गमधील युरोपीय विद्यापीठात त्यांचा महत्त्वाचा भाग आहे आणि तेथील अभ्यासकांच्या सहभागाने इ.स. २००९ मध्ये त्यांवर एक सचित्र ग्रंथ प्रकाशित झाला. संग्रहाची विभागणी झाल्याने छायाचित्रे, कथा आणि ध्वनी परस्परांपासून तुटले. त्यामुळे कित्येक छायाचित्रांत दिसणारी व्यक्ती कोण, हे आता सांगता येत नाही. अशा वेळी रेख्टमान यांचे इ.स. १९५८ मध्ये ब्यूनस आयर्स येथे प्रकाशित झालेले यिडिश पुस्तक विशेष उपयोगी ठरते. गावे, सिनेगॉग, थडगी आणि त्यांच्याशी निगडित कथा यांचे वर्णन त्यात एकत्र वाचायला मिळते.

साहित्य व कलेवरील प्रभाव

मोहिमेतील सामग्रीचा सर्वांत प्रसिद्ध आविष्कार म्हणजे आन्स्की यांचे ‘दिब्बुक’ हे नाटक. जिवंत व्यक्तीच्या शरीरात शिरणाऱ्या मृतात्म्याला ज्यू लोकसमजुतीत दिब्बुक म्हणतात. लग्न ठरलेल्या तरुणीच्या शरीरात तिच्या मृत प्रियकराचा आत्मा प्रवेश करतो, अशी नाटकाची कथा आहे. सिनेगॉगजवळील वधूवरांचे थडगे आणि हसिदी संतांच्या आख्यायिका नाटकात थेट येतात. आन्स्की यांच्या मृत्यूनंतर ३० दिवसांचा शोककाळ पूर्ण होताना, डिसेंबर १९२० मध्ये, विल्ना नाटक मंडळीने वॉर्सा येथे त्याचा पहिला प्रयोग केला. इ.स. १९२२ मध्ये मॉस्को येथे हबीमा या नाट्यसंस्थेने येव्गेनी वाख्तांगोव यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा हिब्रू प्रयोग सादर केला. त्याचा अनुवाद कवी ह. न. बियालिक यांचा आणि संगीत एंगेल यांचे होते. इ.स. १९३७ मध्ये पोलंडमध्ये त्यावर यिडिश चित्रपट निघाला.

या चित्रपटाच्या पटकथालेखकांपैकी एक असलेले आल्टर काचिझ्ने हे आन्स्की यांचे निकटचे अनुयायी होते. आन्स्की यांचे एक अपूर्ण नाटकही त्यांनी पूर्ण केले. काचिझ्ने यांनी इ.स. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘फोरव्हर्ट्स’ या यिडिश दैनिकासाठी पोलंडमधील ज्यू जीवनाची छायाचित्रे काढली. इ.स. १९४१ मध्ये तार्नोपोल येथे त्यांची हत्या झाली. वॉर्सामधील त्यांचा संग्रह नष्ट झाला. न्यूयॉर्कला पाठवलेली छायाचित्रे तेवढी वाचली.

मूल्यमापन

मोहिमेच्या दृष्टिकोनावर नंतरच्या अभ्यासकांनी काही आक्षेप घेतले आहेत. जुने आणि विलक्षण ते टिपण्याच्या ओढीत राजकीय संघटना, नवी शाळा, वृत्तपत्रे यांसारख्या समकालीन गोष्टींकडे तिचे तुलनेने दुर्लक्ष झाले, हा त्यांतील प्रमुख आक्षेप आहे. आन्स्की यांनी गोळा केलेल्या कथांवर त्यांच्या साहित्यिक दृष्टीचा प्रभाव पडल्याचेही दाखवून दिले जाते.

आधुनिकतेमुळे जुने जीवन हळूहळू विरून जाईल, अशी आन्स्की यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते जीवन हिंसेने संपले. इ.स. १९१९ च्या दंगलींत युक्रेनमधील हजारो ज्यू मारले गेले. इ.स. १९४१ नंतर नाझी सैन्य व त्यांच्या साथीदारांनी याच भागातील ज्यूंची सामूहिक कत्तल केली. केवळ कामेनेत्स-पोडोल्स्क येथे ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस सुमारे २३,६०० ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. या प्रदेशातील लाकडी सिनेगॉगही नष्ट झाले. खेडेरच्या बाकांवर बसलेली जी मुले युदोविन यांच्या छायाचित्रांत दिसतात, त्यांच्या पिढीवर हा संहार ओढवला. त्यामुळे ही छायाचित्रे अनेकदा केवळ शोकस्मारक म्हणून पाहिली जातात. तथापि मोहिमेचा मूळ हेतू मृत्यूची नोंद करण्याचा नव्हता. लोक कसे जन्मतात, शिकतात, काम करतात, विवाह करतात आणि आपल्या मृतांची आठवण कशी ठेवतात, हे त्यांच्याच शब्दांत टिपणे हा तो हेतू होता, आणि संग्रहाचे महत्त्व आजही त्यातच आहे.